‘फर्स्ट क्लास’पासून ‘सीजीपीए’पर्यंत : एका आकड्याचा इतिहास

मराठी घरांत कपाटाच्या वरच्या खणात किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक फाइल हमखास सापडते. तिच्यात तीन पिढ्यांची प्रमाणपत्रे एकावर एक ठेवलेली असतात. आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या प्रमाणपत्रावर ‘द्वितीय वर्ग’ एवढेच शब्द असतात. मुलाच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे गुण, त्यांची बेरीज आणि तळाशी ‘६८ टक्के’ असा निवाडा असतो. नातीच्या पत्रकावर मात्र इंग्रजी अक्षरांची एक रांग असते आणि शेवटी ७.९१ असा आकडा असतो. तो पाहून आजोबा विचारतात, “म्हणजे किती टक्के?” नात क्षणभर थांबते. या साध्या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे देता येतात आणि त्यांपैकी कोणते खरे मानायचे हे तिलाही ठाऊक नसते.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. रेल्वे, टपाल, बँका, संरक्षणखाते यांतील नोकऱ्यांमुळे ज्यांच्या बदल्या होत गेल्या, त्यांच्या मुलांच्या गुणपत्रिकांनीही गावोगाव प्रवास केला. महाराष्ट्राच्या मंडळात उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागत, तर दिल्लीच्या सीबीएसईत ३३ पुरत. एकीकडचा काठावरचा नापास दुसरीकडे काठावरचा पास ठरे. मूल तेच, उत्तरपत्रिका तीच, फक्त रेघ निराळी. गुणपत्रिकेवरील आकडा हा त्या त्या काळाने आणि संस्थेने केलेला एक करार असतो, हे ज्या पालकांनी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात प्रवेश घेताना अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने साठ वर्षांच्या विद्यार्थ्यांकडे मागे वळून पाहताना या कराराचा इतिहास समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

वर्गांचा काळ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा आदर्श लंडन विद्यापीठाचा होता. आरंभीच्या काळात ही विद्यापीठे स्वतः फारसे शिकवीत नसत. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी वाटणी होती. विद्यापीठाचे मुख्य कार्यच परीक्षा घेणे हे असल्यामुळे भारतातील आधुनिक शिक्षणाच्या पायातच परीक्षा बसली. ‘मॅट्रिक्युलेशन’ या शब्दाचा अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे एवढाच होता. परंतु लवकरच तो शब्द शालेय आयुष्याचा शेवट आणि सरकारी नोकरीचा उंबरठा या अर्थाने रूढ झाला.

१८५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली. तिच्यात बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच पदवीस पात्र ठरले आणि तेही वाढीव गुणांच्या आधारे. एका विषयात दोघांनाही थोडे गुण कमी पडत होते. ते पदरात घालून विद्यापीठाने त्यांना द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण केले. आज ‘ग्रेस मार्क’ म्हणून जी सवलत ओळखली जाते, ती भारतातील विद्यापीठीय पदवीइतकीच जुनी आहे. गुण हे यंत्राने मोजलेले नसतात, माणसांनी विचार करून दिलेले असतात, ही गोष्ट या देशातील पहिल्याच पदवी परीक्षेने दाखवून दिली होती.

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. पुढे लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन प्रथम वर्गात पदवीधर झाले. त्या काळी माणसाची ओळख सांगताना टक्के सांगण्याची रीत नव्हती, वर्ग सांगितला जाई. प्रथम, द्वितीय, तृतीय अशा तीन खणांत सारे विद्यार्थी सामावत. खणाच्या आत कोण पुढे आणि कोण मागे, याची वाच्यता क्वचितच होई.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. परीक्षा आली, तरी वर्गांची भाषा कायम राहिली. ७५ टक्क्यांना विशेष योग्यता, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय आणि ३५ ला उत्तीर्ण, हे आकडे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ झाले. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात छापलेल्या परीक्षा क्रमांकांच्या रांगांवरून बोट फिरे. क्रमांक सापडला की पेढे, न सापडला की घरात सामसूम. पुढे महाविद्यालयांत आणि नोकरीत जागांपेक्षा उमेदवार अधिक झाले, तेव्हा वर्गाचा खण अपुरा पडू लागला. प्रथम वर्गातलेच शेकडो अर्ज आले तर निवड कशी करायची? उत्तर सोपे होते: टक्के पाहायचे, आणि टक्केही सारखे असतील तर दशांश पाहायचे. अशा रीतीने ‘फर्स्ट क्लास मिळाला’ या वाक्याची जागा ‘८४.६० पडले’ या वाक्याने घेतली.

गुणांविषयीची शंका

दशांशापर्यंत पोहोचलेल्या या आकड्यावर विसंबावे कितपत, ही शंका मात्र फार पूर्वीच उपस्थित झाली होती. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९१७ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य सर फिलिप हार्टोग यांनी इंग्लंडला परतल्यावर ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ मध्ये परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांपैकी १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. असे २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेवर दिलेला उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा किंवा विशेष गुणवत्तेचा निवाडा दुसऱ्या खेपेला बदलला. एका परीक्षकाचे दुसऱ्याशी पटत नाही, हे लोकांना ठाऊक होते. परीक्षकाचे स्वतःशीही पटत नाही, हे या प्रयोगाने उघड केले. हे खरे असेल, तर ५९ आणि ६० यांमधल्या रेघेवर एखाद्या मुलाचे भवितव्य टांगून ठेवण्याला आधार कोणता?

स्वतंत्र भारतातील प्रत्येक मोठ्या शिक्षण आयोगाने हा प्रश्न हाताळला. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात स्पष्ट म्हटले की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली, तर ती परीक्षांची असावी. सर्व विद्यापीठांचे निकष शक्यतो एकसारखे असावेत, म्हणून प्रथम वर्गास ७०, द्वितीय वर्गास ५५ आणि तृतीय वर्गास ४० टक्के अशी मोजपट्टीही त्या आयोगाने सुचवली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी आणखी पुढचे पाऊल टाकले. अंकांऐवजी अक्षरांच्या, पाच पायऱ्यांच्या श्रेणी वापराव्यात, असे त्याने सुचवले. शंभर पायऱ्यांवर मुलांना उभे करण्याचा आव आणण्यापेक्षा पाच प्रशस्त पायऱ्या अधिक प्रामाणिक, असा त्यामागचा विचार होता.

साठ वर्षांपूर्वी कोठारी आयोगाचे काम सुरू होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक होते. या आयोगाची एक शिफारस आजही वाचणाऱ्याला थबकवते. मंडळाच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयातील कामगिरी नमूद करावी, पण विद्यार्थी संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, असा शेरा मारू नये, असे आयोगाने सांगितले.

या शिफारशीचे मोल श्रीनिवास रामानुजन यांच्या कहाणीवरून कळते. गणितात असामान्य असलेला हा विद्यार्थी इतर विषयांत मागे राहिल्यामुळे कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्तीला मुकला आणि पुढे मद्रासला एफ. ए. च्या परीक्षेतही अनुत्तीर्ण झाला. पत्रकावरचा एक शब्द त्याच्याविषयी खरे बोलत होता, पण पूर्ण बोलत नव्हता. १९१४ मध्ये केंब्रिजला गेलेला हाच ‘नापास’ विद्यार्थी १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. सगळे विषय एका आकड्यात किंवा एका शब्दात आटवले की काय हरवते, हे त्याहून स्पष्ट सांगणारे उदाहरण भारतीय शिक्षणाच्या इतिहासात सापडणे कठीण.

श्रेयांकाचे आगमन

अक्षरांच्या श्रेणीची कल्पना आयोगांच्या अहवालांत होती, पण ‘सरासरी श्रेणीगुण’ ही मोजणी भारतात आली ती अमेरिकेच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षपदाच्या काळात हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक मिळाली. सारेजण तेच विषय शिकत असतात, तेव्हा गुणांची बेरीज पुरते. परंतु एकाने रसायनशास्त्र व ग्रीक घेतले आणि दुसऱ्याने इतिहास व अर्थशास्त्र, तर दोघांचे शिक्षण मोजायला समान माप हवे. आठवड्याला किती तास अध्यापन झाले, यावर आधारलेले माप त्यातून रूढ झाले. तेच ‘क्रेडिट’, ज्याला आज मराठीत श्रेयांक म्हणतात.

भारतात हे माप प्रथम रुजवणाऱ्यांत कृषी विद्यापीठे आघाडीवर होती, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. १९६० मध्ये पंतनगरला अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने देशातले पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषी विद्यापीठे झाली. सत्र, श्रेयांक, वर्गशिक्षकाने वर्षभर केलेले मूल्यमापन हे शब्द शहरातल्या कला-वाणिज्य महाविद्यालयांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या तोंडी रुळले होते. त्याच सुमारास, १९६२ ते १९७२ या दशकात, कानपूरच्या आयआयटीला अमेरिकेतील ९ संस्थांचे साहाय्य मिळाले आणि तेथेही सत्रपद्धती व अक्षरश्रेणी आल्या.

इतर विद्यापीठांत मात्र ही सुधारणा रेंगाळली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० च्या दशकात सात पायऱ्यांची श्रेणी सुचवली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही गुणांऐवजी श्रेणी वापराव्यात असे म्हटले. तरी टक्क्यांची सवय सुटेना. याला समाजही तितकाच जबाबदार होता. प्रवेशाची यादी आणि नोकरीची जाहिरात जोवर टक्के मागत होती, तोवर श्रेणी देणारी संस्था आपल्याच विद्यार्थ्यांना अडचणीत टाकत होती.

शाळेत आलेली श्रेणी आणि तिचे परत जाणे

शालेय पालकांपर्यंत हा विषय खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००९ नंतर. सीबीएसईने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले आणि २०१० पासून दहावीच्या निकालात गुणांऐवजी श्रेणी छापल्या. महाराष्ट्रातही २०१० मध्ये प्राथमिक स्तरावर ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द आले. सीबीएसईच्या पद्धतीत ९१ ते १०० गुणांना १० श्रेणीगुण, ८१ ते ९० ला ९, ७१ ते ८० ला ८, अशी उतरंड होती. ३३ ते ४० गुणांना ४ श्रेणीगुण मिळत. पाच मुख्य विषयांच्या श्रेणीगुणांची सरासरी म्हणजे सीजीपीए. ज्यांना टक्के हवे होते, त्यांच्यासाठी मंडळाने सीजीपीएला ९.५ ने गुणण्याची सूचना केली होती.

९.५ हा आकडा पडताळून पाहण्यासारखा आहे. १० श्रेणीगुणांचे ९५ टक्के होतात आणि ते ९१ ते १०० या पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर येतात. ९ चे ८५.५ होतात, ते ८१ ते ९० च्या नेमके मधोमध. खाली उतरावे तसा हा हिशेब विद्यार्थ्याला किंचित अनुकूल होत जातो. ५ श्रेणीगुणांचे ४७.५ होतात, तर ४१ ते ५० या पट्ट्याचा मध्य ४५.५ आहे. म्हणजे गुणाकारातून येणारा आकडा हा अंदाज होता, प्रत्यक्ष मिळालेले गुण नव्हेत. मंडळानेही त्याला सूचक टक्केवारीच म्हटले होते.

श्रेणीने स्पर्धेची धार बोथट केली, पण तिच्या पोटात एक नवी विसंगती होती. एका विद्यार्थ्याला पाचही विषयांत ९० गुण मिळाले, तर त्याची बेरीज ४५० आणि सीजीपीए ९.० होते. दुसऱ्याला दोन विषयांत ९१ आणि तीन विषयांत ८१ मिळाले, तर त्याची बेरीज ४२५, पण सीजीपीए ९.४. पंचवीस गुण कमी मिळवणारा पुढे गेला! ९० आणि ९१ यांमधली रेघ पुसण्यासाठी आणलेल्या पद्धतीने त्याच रेघेला अधिक वजन दिले. पालकांची नाराजी, पुढच्या प्रवेशांची गरज आणि अभ्यास सैलावल्याची तक्रार या साऱ्यांच्या परिणामी २०१७ च्या निकालानंतर सीबीएसईच्या दहावीत ही पद्धत थांबली. २०१८ पासून मंडळाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आणि पत्रकावर गुण परतले. या सात-आठ वर्षांत दहावी झालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र कायमची एक वेगळी गुणपत्रिका राहिली. तिचे भाषांतर करून सांगण्याची वेळ त्यांच्यावर अजूनही येते.

हिशेब कसा करावा

शाळेतून श्रेणी गेली, तरी महाविद्यालयांत ती आता स्थिरावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत दहाची मोजपट्टी आहे. ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ म्हणजे केवळ उत्तीर्ण ४, आणि अनुत्तीर्ण किंवा गैरहजर असल्यास शून्य. सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे साधारणपणे एक श्रेयांक.

येथे विद्यार्थी नेहमी एक चूक करतात. ते सर्व विषयांचे श्रेणीगुण मिळवून विषयांच्या संख्येने भागतात. प्रत्येक विषयाचे वजन सारखे असते तर ते बरोबर ठरले असते. दहावीच्या सीजीपीएत ते तसे होतेही. महाविद्यालयात मात्र चार श्रेयांकांचा विषय आणि दोन श्रेयांकांचा विषय एका तराजूत घालता येत नाहीत.

आरंभी उल्लेखिलेल्या नातीचे पहिले सत्र उदाहरणादाखल घेऊ. अर्थशास्त्र ४ श्रेयांक, श्रेणीगुण ८. संख्याशास्त्र ४ श्रेयांक, श्रेणीगुण ६. इतिहास ४ श्रेयांक, श्रेणीगुण ७. संगणक ४ श्रेयांक, श्रेणीगुण ७. मराठी २ श्रेयांक, श्रेणीगुण १०. पर्यावरण २ श्रेयांक, श्रेणीगुण ९. साधी सरासरी काढली तर ४७ भागिले ६, म्हणजे ७.८३ येते. पत्रकावर मात्र ७.५० छापलेले असते. चूक पत्रकाची नसते. प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करावा लागतो: ३२, २४, २८, २८, २० आणि १८. त्यांची बेरीज १५०. एकूण श्रेयांक २०. १५० ला २० ने भागले की ७.५०. ही त्या सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए. दोन श्रेयांकांच्या विषयांतले घवघवीत यश चार श्रेयांकांच्या विषयांतली कसर पूर्णपणे भरून काढू शकत नाही, हा या गणिताचा अर्थ.

सर्व सत्रांचा मिळून सीजीपीए काढताना हाच न्याय लागू होतो. दुसऱ्या सत्रात २४ श्रेयांक आणि एसजीपीए ८.२५ असेल, तर त्या सत्राचा गुणाकार १९८. पहिल्या सत्राचे १५० त्यात मिळवून ३४८ होतात. एकूण श्रेयांक ४४. भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत ७.९१. दोन्ही सत्रांच्या एसजीपीएची नुसती सरासरी काढली असती तर ७.८८ आले असते. फरक थोडा दिसतो, पण जिथे पात्रतेची रेघ ७.९० वर आखलेली असेल, तिथे तो फरक पुरेसा असतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास श्रेणीगुण शून्य होतो, पण त्याचे श्रेयांक भागाकारात तसेच राहतात. वरील उदाहरणात संख्याशास्त्र राहिले असते, तर २४ वजा होऊन १२६ भागिले २०, म्हणजे ६.३० उरले असते. अनेक संस्था तो विषय सुटेपर्यंत सरासरी जाहीरच करत नाहीत. दुसरे असे की काही संस्थांत श्रेणी ठरावीक गुणांवर मिळते, तर काहींत वर्गातील इतरांच्या तुलनेत मिळते. म्हणून दोन संस्थांचे ‘ए’ हे अक्षर सारखे दिसले, तरी त्यांचे वजन सारखे असतेच असे नाही.

“म्हणजे किती टक्के?”

आता आजोबांच्या प्रश्नाकडे परत येता येते. ७.९१ चे टक्के किती? काही विद्यापीठे सरळ १० ने गुणतात, तेव्हा ७९.१ येतात. सीबीएसईचा ९.५ चा गुणक लावला तर ७५.१५ होतात. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या अध्यापक-पात्रतेच्या एका तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरले होते. त्या रीतीने ०.७५ वजा करून १० ने गुणले की ७१.६ उरतात. एकाच मुलीला एकाच वेळी ७९, ७५ आणि ७१ टक्के मिळाले आहेत. जाहिरातीत किमान ७५ टक्के मागितले असतील, तर कोणते सूत्र लावले जाते यावर तिचा अर्ज राहील किंवा बाद होईल.

म्हणूनच अशा वेळी सोयीचे सूत्र निवडण्याचा मोह टाळावा लागतो. दहावीसाठी केलेला ९.५ चा गुणक पदवीच्या सीजीपीएला लावण्याची चूक सर्रास होते. पदवी ज्या विद्यापीठाने दिली, त्याच विद्यापीठाचे सूत्र ग्राह्य धरले जाते. ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेले असते किंवा परीक्षा विभागाकडून लेखी मिळते. अर्जात रूपांतरित टक्के लिहिताना मूळ सीजीपीए, मोजपट्टी कितीची आहे आणि सूत्र कोणते, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. परदेशी विद्यापीठांना अर्ज करताना तर दहाच्या मोजपट्टीवरचा आकडा घरी बसून चारच्या मोजपट्टीवर आणण्याची घाई करू नये. मूळ आकडाच पाठवावा आणि रूपांतर त्यांनी मागितल्या रीतीने करावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांचे महत्त्व अधिकच वाढले आहे. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तेथे जमा राहतात आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. बदलीच्या गावी नव्या शाळेच्या कचेरीत दाखला आणि गुणपत्रिका घेऊन उभ्या राहिलेल्या वडिलांची अडचण निदान महाविद्यालयाच्या पातळीवर तरी कमी व्हावी, हा तिचा हेतू आहे.

या साऱ्या इतिहासाचे सार काढायचे झाले तर एवढेच दिसते की प्रत्येक पिढीने आधीच्या मापातली उणीव दूर करण्यासाठी नवे माप आणले आणि प्रत्येक नव्या मापाने आपली अशी एक उणीव सोबत आणली. वर्गाने बारकावा गमावला, टक्क्यांनी नसलेल्या अचूकतेचा भास निर्माण केला, श्रेणीने काठावरच्यांवर अन्याय केला आणि सीजीपीएने भाषांतराचा पेच उभा केला. माप चुकते म्हणून मोजणे सोडता येत नाही. पण मापाची मर्यादा ठाऊक असणारा पालक ७.९१ पाहून मुलीला दटावत नाही आणि ९.४ पाहून गर्वाने फुगत नाही. तो आधी विचारतो की कोणत्या विषयाला किती श्रेयांक आहेत, आणि मग विचारतो की संख्याशास्त्रात कुठे अडले.

फाइलमधला आजोबांचा ‘द्वितीय वर्ग’, वडिलांचे ‘६८ टक्के’ आणि नातीचा ‘७.९१’ यांची तुलना करण्याचे कोणतेही सूत्र नाही. ते तीन वेगळ्या काळांचे तीन वेगळे शब्द आहेत. नातीने उत्तर द्यायचे असेल तर तिने पत्रक उलटून त्याच्या मागचे सूत्र आजोबांना वाचून दाखवावे आणि मराठीत मिळालेले १० श्रेणीगुण त्यांना आवर्जून दाखवावेत. तेवढ्याने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, आणि पेढेही मिळतील.